नवा लॅपटॉप आणि कमांड लाइन : एका जुन्या वादाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

दहावी-बारावीचे निकाल लागून महाविद्यालयीन प्रवेशांची धांदल सुरू झाली की महाराष्ट्रातील कित्येक घरांत पहिला लॅपटॉप येतो. ज्याच्यासाठी तो येतो त्या विद्यार्थ्याच्या हाती त्यापूर्वी काही वर्षे मोबाइल वावरलेला असतो, पडद्यावरील चित्रास बोट लावावे आणि काम व्हावे ही रीत त्याच्या अंगवळणी पडलेली असते, आणि नवे यंत्रही प्रथमदर्शनी त्याच रीतीने त्याच्यापुढे येते. खाते उघडावे, भाषा निवडावी, वायफायचा पासवर्ड द्यावा, एवढे झाले की चित्रांनी भरलेला पडदा सेवेस हजर होतो. परंतु पहिल्या सत्राचे काही आठवडे लोटतात न लोटतात तोच एखादा शिक्षक, वरच्या वर्गातील एखादा मित्र किंवा एखादे पाठ्यपुस्तक त्यास एक रिकामी खिडकी उघडावयास लावते आणि तीत लुकलुकणाऱ्या खुणेपुढे अमुक एक ओळ टंकून एंटर दाबावयास सांगते. ही खिडकी म्हणजे टर्मिनल. तीत टंकलेली आज्ञा वाचून ती यंत्राकडून पार पाडवून घेणारा प्रोग्राम म्हणजे शेल. आणि या एकंदर व्यवहारास कमांड लाइन ही संज्ञा रूढ आहे.

नव्याने लॅपटॉप घेणाऱ्याने ही कमांड लाइन शिकावी काय, शिकावी तर केव्हा, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या भाषेच्या आधाराने, याविषयी गेली चाळीसहून अधिक वर्षे मतभेद चालत आले आहेत. या मतभेदाची पार्श्वभूमी, त्यातील मुख्य पक्ष आणि अद्याप न सुटलेले मुद्दे यांचा क्रमाने परामर्श घेणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. लेखकाचा स्वतःचा कल योग्य स्थळी सांगितला जाईल. तथापि प्रत्येक पक्षाची बाजू त्या पक्षाच्या माणसास मान्य होईल अशाच शब्दांत मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

पूर्वपीठिका

कमांड लाइनचा जन्म पडद्यावर झाला नाही, कागदावर झाला. 1960च्या दशकात संगणकाशी संवाद साधण्याचे साधन टेलिटाइप हे होते. त्यांपैकी 1963 साली बाजारात आलेले मॉडेल 33 हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे या गतीने कागदाच्या गुंडाळीवर छापीत असे. एमआयटी या अमेरिकन विद्यापीठात एकाच संगणकाचा वेळ अनेकांना वाटून देण्याची जी सीटीएसएस नामक व्यवस्था होती, तिच्यासाठी लुई पूझँ या फ्रेंच अभियंत्याने आज्ञांची मालिका एकदा लिहून ठेवून पुन्हा पुन्हा चालविता येईल असा रनकॉम हा प्रोग्राम रचला, आणि शेल हे नावही त्यानेच दिले. पुढे न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत 1969 साली केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची उभारणी आरंभिली, तेव्हा या कल्पनेस तिचे पक्व रूप लाभले. ‘एलएस’, ‘सीपी’, ‘एमव्ही’ अशी जी आखूड आज्ञानामे आजच्या विद्यार्थ्यास गूढ वाटतात, ती त्या मंद आणि जड कळांच्या टेलिटाइपवर टंकण्याचे श्रम वाचावेत म्हणून तशी ठेवली गेली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. टेलिटाइप केव्हाच अडगळीत गेले. परंतु युनिक्सवंशीय यंत्रांत टर्मिनलास आजही ‘टीटीवाय’ याच संक्षेपाने ओळखतात.

त्याच सुमारास दुसरा प्रवाहही उगम पावला होता. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबर्ट यांनी माऊस आणि पडद्यावरील खिडक्या यांचे प्रात्यक्षिक दाखविले. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात 1973 साली आल्टो हा संगणक त्याच दिशेने तयार झाला. 1981 साली झेरॉक्सचा स्टार आणि जानेवारी 1984 मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश विक्रीस आला. या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये कमांड लाइन मुळी ठेवलीच नव्हती, ही गोष्ट त्या काळच्या आत्मविश्वासाची द्योतक आहे. याउलट ऑगस्ट 1981 मध्ये आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकावर डॉसचे, म्हणजे पुन्हा आज्ञांचेच राज्य होते, आणि आपल्याकडील शहरांतून व तालुक्यांच्या गावांतून निघालेल्या संगणक-वर्गांत 1990च्या दशकात जी पिढी तयार झाली तिने ‘डीर’, ‘सीडी’ आणि ‘कॉपी’ हेच धडे प्रथम गिरविले.

विंडोज 95 नंतर हे चित्र पालटले. महाराष्ट्रात 2001 साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना होऊन एमएससीआयटीचा अभ्यासक्रम गावोगावी पोहोचला, शासकीय नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले, आणि संगणकसाक्षरता म्हणजे विंडोज व कार्यालयीन कामाची सॉफ्टवेअरे चालविता येणे, असा अर्थ सर्वसामान्यांच्या मनात दृढ झाला. आज्ञांचे शिक्षण हळूहळू अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांपुरते उरले.

परंतु इतिहासाचा ओघ तेथे थांबला नाही. ज्या कंपनीने 1984 साली कमांड लाइन वगळली होती तिनेच मार्च 2001 मध्ये युनिक्सच्या पायावर उभारलेले मॅक ओएस टेन प्रसिद्ध करून त्यात टर्मिनल दिले. मायक्रोसॉफ्टने 2006 साली पॉवरशेल आणले आणि 2016 साली विंडोजच्या पोटातच लिनक्सच्या आज्ञा चालविण्याची सोय केली. सारांश, आज दुकानातून आणलेला कोणताही लॅपटॉप, मग त्यावर विंडोज असो, मॅक असो वा लिनक्स, सोबत एक समर्थ शेल घेऊनच येतो.

चित्रपक्षाची बाजू

नवशिक्यास आज्ञांच्या वाटेस लावू नये, असे म्हणणारा जो पक्ष आहे त्याचे सर्वांत समर्थ शास्त्रीय प्रतिपादन मेरीलँड विद्यापीठातील बेन श्नायडरमन यांनी 1983 साली केले. वस्तु डोळ्यांसमोर दिसत असावी, तिच्यावरील क्रिया हाताच्या हालचालीने व्हावी, परिणाम तत्काळ दिसावा आणि केलेले सहज परतविता यावे, या चार गुणांनी युक्त अशा पद्धतीस त्यांनी प्रत्यक्ष हाताळणीची पद्धत मानले आणि नवख्या माणसास ती अल्पावधीत साधते, असे प्रतिपादिले. या पक्षाच्या मुळाशी मानसशास्त्रातील एक सुप्रतिष्ठित सिद्धांत आहे : समोर दिसणारी गोष्ट ओळखणे हे स्मृतीतून ती शोधून काढण्यापेक्षा सोपे असते. मेन्यूतील दहा नावांतून हवे ते निवडणारा विद्यार्थी ओळखीवर विसंबतो. रिकाम्या ओळीपुढे बसलेल्या विद्यार्थ्यास मात्र आज्ञेचे नाव, तिच्या विकल्पांचा क्रम आणि फाइलचा पत्ता, हे सर्व मनातून काढावे लागते.

त्याच्या दोनच वर्षे आधी, 1981 साली, डोनाल्ड नॉर्मन या मानसशास्त्रज्ञाने युनिक्सवर एक कठोर लेख लिहिला होता, आणि त्यातील आक्षेप आजही जुने झालेले नाहीत. फाइल पडद्यावर दाखविण्याच्या आज्ञेचे नाव ‘कॅट’ का असावे, हे नवशिक्याने कशावरून ताडावे? एका आज्ञेचे विकल्प एका रीतीने तर दुसरीचे दुसऱ्या रीतीने का लिहावेत? आणि काम यशस्वी झाले असता यंत्राने मौन का धरावे? अनुभवी मनुष्यास हे मौन सुखावह वाटते, कारण काही बिघडलेले नाही एवढे त्यावरून त्यास कळते. नवशिक्या मात्र काही घडले की नाही याच संभ्रमात पडतो. या आक्षेपांना जी उत्तरे दिली गेली ती बहुतेक सवयीची आणि परंपरेची आहेत, आणि सवय हे समर्थन असले तरी खंडन नव्हे, हे निष्पक्षपणे मान्य केले पाहिजे.

आज्ञापक्षाची बाजू

आज्ञापक्षाचा पहिला युक्तिवाद जोडणीचा आहे. बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय यांनी एका प्रोग्रामचे फलित दुसऱ्याचे साहित्य व्हावे ही कल्पना 1964 सालीच एका टिपणात मांडली होती, आणि 1973 साली पाइपच्या रूपाने ती युनिक्समध्ये अवतरली. तिचे सामर्थ्य 1986 सालच्या एका प्रसंगाने सर्वश्रुत झाले. संगणकशास्त्राच्या एका मान्यवर मासिकातील स्तंभासाठी जॉन बेंटले यांनी डोनाल्ड कनूथ यांना, दिलेल्या मजकुरातील सर्वाधिक वेळा येणारे शब्द मोजून काढणारा प्रोग्राम लिहावयास सांगितले. कनूथ यांनी तो आपल्या साहित्यिक शैलीत, विस्ताराने आणि अत्यंत देखणा असा लिहिला. त्याचे परीक्षण मॅकिलरॉय यांनी केले, आणि कनूथ यांच्या कौशल्याचा गौरव करून शेवटी तेच काम ‘टीआर’, पुन्हा ‘टीआर’, ‘सॉर्ट’, ‘युनिक’, पुन्हा ‘सॉर्ट’ आणि ‘सेड’ अशा सहा आज्ञांच्या एका माळेत करून दाखविले. माऊसने हे काम करावयाचे म्हटले तर ज्याने त्यासाठी खास बटन घडविले असेल असा प्रोग्राम प्रथम शोधावा लागेल. चित्रांच्या जगात तुम्हांस तेच करता येते ज्याची तरतूद दुसऱ्या कोणी आधी करून ठेवलेली असते. आज्ञांच्या जगात तरतूद तुम्ही स्वतः जुळविता. हा विचार केर्निघन आणि पाइक यांच्या 1984 सालच्या ग्रंथाने एका संपूर्ण पिढीस शिकविला, आणि नील स्टीफन्सन या कादंबरीकाराने 1999 साली याच विषयावर लिहिलेल्या दीर्घ निबंधाने तो संगणकशास्त्राबाहेरच्या वाचकांपर्यंत नेला.

दुसरा युक्तिवाद वेगाचा आहे, आणि तो वारंवार केला जात असला तरी मला तो गौण वाटतो. नवशिक्याच्या हातून आज्ञा वेगाने टंकल्या जात नाहीत, आणि ज्या फाइली त्यास हलवावयाच्या असतात त्यांची संख्याही बहुधा अल्प असते.

तिसरा युक्तिवाद मात्र या वादात पुरेसा पुढे आलेला नाही, आणि माझ्या मते नवशिक्याच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. माऊसने केलेले काम तोंडी हुकुमासारखे असते : ते पार पडते, परंतु कोणी कोणास काय सांगितले याचा मागमूस उरत नाही; टंकलेली आज्ञा मात्र लेखी हुकूम असते, ती दप्तरी दाखल होते. शेलला कालच्या आज्ञांचा इतिहास विचारला तर तो क्रमवार सादर करतो. विद्यार्थ्याचे काही बिघडले तर टंकलेली ओळ आणि त्यावर आलेला त्रुटिसंदेश तो जसाच्या तसा दुसऱ्यास पाठवू शकतो, आणि साताऱ्यातील मुलाची अडचण पुण्यातील अथवा टोरोंटोतील मावसभाऊ तेवढ्यावरून ओळखू शकतो. ‘वर उजव्या कोपऱ्यात एक चक्र दिसते का, त्यावर दाब, आता काय दिसते’ अशी फोनवरील विचारपूस ज्यांनी केली आहे त्यांस या भेदाचे मोल निराळे सांगावयास नको. आज ज्या ओळी हाताने टंकल्या त्याच एका फाइलीत उतरवून ठेवल्या की उद्याची स्क्रिप्ट तयार होते. शिकणाऱ्याची प्रगती ज्या गोष्टींवर अवलंबून असते, म्हणजे केलेले पुन्हा पाहणे, पुन्हा करणे आणि दुसऱ्यास सांगणे, त्या तिन्ही या लेखी स्वरूपामुळे साधतात.

विज्ञानक्षेत्राने या गोष्टीची दखल आधी घेतली. 1998 साली ग्रेग विल्सन यांच्या पुढाकाराने लॉस अलामोस येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत आरंभ झालेल्या सॉफ्टवेअर कार्पेंट्री या उपक्रमात जीवशास्त्रज्ञ, भूगर्भशास्त्रज्ञ आदि संशोधकांना ज्या थोड्या विद्या शिकविल्या जातात त्यांत शेल ही एक आहे, कारण प्रयोगाचे गणित कोणत्या पायऱ्यांनी केले हे दुसऱ्या संशोधकास पडताळता यावे अशी विज्ञानाची मागणीच आहे. पुढे एमआयटीत ज्या विद्या अभ्यासक्रमात गृहीत धरल्या जातात पण कोणी शिकवीत नाही अशांसाठी 2020 साली एक छोटी व्याख्यानमाला योजण्यात आली, तिचाही प्रारंभ शेलपासूनच होतो.

समन्वयाचे प्रयत्न

दोन्ही पक्षांतील अंतर काळाच्या ओघात कमी झाले आहे. डॉन जेंटनर आणि याकोब नील्सन यांनी 1996 साली मॅकिंटॉशच्या प्रत्येक तत्त्वाच्या विरुद्ध तत्त्व घेऊन एका काल्पनिक पडद्याची मांडणी केली आणि तीत भाषेस पुन्हा मध्यवर्ती स्थान दिले. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, ज्या नॉर्मन यांनी 1981 साली युनिक्सवर टीका केली त्यांनीच 2007 साली एका लेखात कमांड लाइनचे पुनरागमन होत असल्याचे नमूद केले; शोधयंत्राच्या पेटीत माणसे आता केवळ शब्द टाकीत नाहीत, हिशेब, रूपांतरे आणि प्रश्नही टाकतात, हे त्यांच्या दृष्टीस आले होते. विंडोजच्या स्टार्टमध्ये प्रोग्रामचे नाव टंकून तो उघडणारा, किंवा मॅकच्या स्पॉटलाइटमध्ये बेरीज करणारा मनुष्य कमांड लाइनच वापरीत असतो. फरक एवढाच की तेथे चूक झाल्यास क्षमा आहे आणि सूचना मिळतात. उलटपक्षी शेलनेही चित्रपक्षाचे काही गुण उचलले आहेत : अर्धे नाव टंकून टॅब दाबले की उरलेले पुरे होते, नव्या शेलांत पूर्वीच्या आज्ञेची फिकट छाया आपोआप समोर येते, आणि अशा रीतीने ओळखण्याचा लाभ आठवण्याच्या व्यवहारातही थोडाबहुत पदरात पडतो.

यास्तव शिकावे की न शिकावे हा प्रश्न आज पूर्वीच्या तीव्रतेने विचारला जात नाही. ज्यास केवळ पत्रे लिहावयाची, चित्रपट पाहावयाचे आणि बँकेचे व्यवहार करावयाचे आहेत त्यास कमांड लाइनची गरज नाही, हे आज्ञापक्षही मान्य करतो. वाद उरला आहे तो क्रमाचा.

क्रमाचा प्रश्न

येथे पहिली अडचण अशी की, शेलच्या शिक्षणास फाइल आणि फोल्डर यांची कल्पना गृहीत धरावी लागते, आणि तीच आता गृहीत धरता येत नाही. सप्टेंबर 2021 मध्ये एका अमेरिकन वृत्तसंकेतस्थळाने तेथील प्राध्यापकांचा अनुभव प्रसिद्ध केला : विद्यार्थी बुद्धिमान असूनही आपली फाइल यंत्रात कोठे आहे हे त्यांस सांगता येत नाही, कारण मोबाइलवर आणि शोधपेटीवर वाढलेल्या मनास सर्व वस्तु एकाच ढिगात असल्याची सवय असते. आपल्याकडील शिक्षकांचाही हाच अनुभव असावा, असे मानण्यास जागा आहे. यावरून काहींचे म्हणणे पडते की, प्रथम चित्रांच्या पडद्यावर फोल्डरांची उतरंड नीट समजावी आणि मगच टर्मिनल उघडावे. इतरांचे मत असे की, ‘पीडब्ल्यूडी’ म्हणजे मी कोठे आहे, ‘एलएस’ म्हणजे येथे काय आहे, आणि ‘सीडी’ म्हणजे मला तेथे ने, या तीन आज्ञांइतका ती उतरंड शिकविण्याचा दुसरा चांगला मार्ग नाही. दुसऱ्या मतात तथ्य आहे. परंतु दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी उघड्या ठेवून एकीत आज्ञा द्यावी आणि दुसरीत तिचा परिणाम पाहावा, हा मार्ग दोहोंहून हितकर वाटतो, कारण त्यात नॉर्मन यांनी दोष दिलेल्या मौनाची भरपाई आपोआप होते.

दुसरा मतभेद शेल कोणता, याविषयी आहे. मॅकवर 2019 पासून झेडशेल हा ठरलेला असतो, बहुतेक लिनक्सवर बॅश, आणि विंडोजवर पॉवरशेल. यांपैकी पहिल्या दोहोंत नवशिक्यास जाणवेल असा फरक फारसा नाही. पॉवरशेलची जडणघडण मात्र मुळात निराळी आहे. तेथे एका आज्ञेकडून दुसरीकडे साधा मजकूर जात नाही, गुणधर्मांसह वस्तु जातात, आणि आज्ञांची नावेही क्रियापद-नाम अशी लांब व सुसूत्र असतात. नॉर्मन यांच्या जुन्या आक्षेपांपैकी एकाचे तरी हे सरळ निराकरण आहे. असे असता विंडोजच्या विद्यार्थ्यास पॉवरशेल शिकवावे की लिनक्सची उपव्यवस्था बसवून बॅश शिकवावे? जो विंडोजच्याच कार्यालयांत पुढे काम करणार त्यास पहिले, आणि जो विज्ञानाकडे, सर्व्हरांकडे अथवा मुक्त सॉफ्टवेअरकडे वळणार त्यास दुसरे, असा तोडगा सुचविला जातो. परंतु अठराव्या वर्षी आपण कोठे वळणार हे ज्यास ठाऊक नसते, म्हणजे बहुतेकांस, त्याच्यासाठी हा तोडगा अपुराच आहे.

तिसरा मुद्दा धोक्याचा, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. टर्मिनलमध्ये ‘आरएम’ने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही. 1998 साली पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी 2’ या चित्रपटाच्या निर्मितीच्या वेळी अशाच एका आज्ञेने त्यातील बहुतांश काम पुसले गेले, राखीव प्रतीही सदोष निघाल्या, आणि गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिका घरून काम करीत असल्यामुळे त्यांच्या घरच्या यंत्रावर जी प्रत होती तीवरून चित्रपट वाचला. जेथे तज्ज्ञांची ही गत तेथे नवशिक्यास पहिल्याच दिवशी ‘आरएम’ शिकविण्याची जी प्रथा कित्येक पुस्तकांत दिसते ती बदलावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. पाहण्याच्या आज्ञा प्रथम, नकलेच्या नंतर, आणि पुसण्याच्या सर्वांत शेवटी, त्याही सरावासाठी मुद्दाम तयार केलेल्या फोल्डरातच; आणि नवा लॅपटॉप हाती येताच यंत्रणा अद्ययावत करून घेणे व बाहेरील डिस्कवर प्रत ठेवण्याची व्यवस्था लावणे हे टर्मिनल उघडण्याआधीचे कर्तव्य मानावे. ‘सुडो’ या उपसर्गाने आज्ञेस यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याचे अधिकार मिळतात, यास्तव त्याच्यापुढील प्रत्येक शब्दाचा अर्थ ज्यास सांगता येत नाही त्याने तो टंकू नये, याविषयी कोणत्याही पक्षात दुमत नाही.

बुद्धिमान सहायकांमुळे आलेले वळण

2022च्या अखेरीस चॅटजीपीटी लोकांपुढे आल्यापासून वादाने नवे वळण घेतले. आता विद्यार्थी साध्या भाषेत, मराठीतही, आपला हेतु सांगतो आणि सहायक त्यास तयार आज्ञा देतो. 2025 साली तर क्लॉड कोड, जेमिनी सीएलआय यांसारखी साधने थेट टर्मिनलातच अवतरली आणि मुभा दिल्यास आज्ञा स्वतः चालवूही लागली. एका मताप्रमाणे यामुळे आठवण्याचा भार, म्हणजे चित्रपक्षाचा मुख्य आक्षेपच, नाहीसा झाला, म्हणून आज्ञा पाठ करण्याचे प्रयोजन संपले. दुसऱ्या मताप्रमाणे, लिहिण्याचा भार कमी झाला तरी वाचण्याची जबाबदारी वाढली. दुसऱ्याने लिहिलेल्या हुकुमावर सही करणाऱ्यास त्यातील मजकूर कळलाच पाहिजे. मला दुसरे मत अधिक पटते, परंतु त्यातून निघणारा शैक्षणिक प्रश्न खरोखर नवा आहे : स्वतः लिहिण्याचा सराव न करता केवळ वाचण्याचे कौशल्य येते काय? व्याकरणाच्या शिक्षणात लिहिण्याच्या सरावावाचून समज पक्की होत नाही असे जे अनुभवास येते, ते येथेही लागू पडेल, असे काही शिक्षक मानतात. इतरांच्या मते आज्ञा ही इतकी आखूड आणि नियमबद्ध रचना आहे की वाचनही पुरेसे व्हावे. या दोहोंचा निवाडा होण्यास आवश्यक तो काळ अजून गेलेला नाही.

मराठीचा प्रश्न

मराठीतून शिकणाऱ्याच्या बाबतीत या सर्वांवर आणखी एक थर चढतो, आणि त्याचा विचार इंग्रजी ग्रंथांत स्वाभाविकच आढळत नाही. आज्ञांची नावे रोमन लिपीत असणे ही त्यातली लहान अडचण होय. ती पंधरा-वीस चिन्हे आहेत, आणि बीजगणितातील चिन्हांप्रमाणे ती आत्मसात होतात. स्पष्टीकरण मराठीत मिळण्याची सोयही काही प्रमाणात झालेली आहे. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठी ध्वनिमुद्रणासह उपलब्ध केले आहेत. खरी अडचण देवनागरी मजकुराची आहे.

टर्मिनलचा पडदा टेलिटाइपच्या वारशाने समान रुंदीच्या चौकोनांचा बनलेला असतो, आणि एका अक्षरास एक चौकोन हे गणित रोमन लिपीस चपखल बसते. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर पण आकृतीत आधी येते, जोडाक्षरांत दोन-तीन वर्ण एकवटतात, मात्रा वर चढतात. परिणामी अनेक टर्मिनलांत ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी पडते, जोडाक्षर फुटते आणि कर्सर जेथे दिसतो तेथे असत नाही. डॉसच्या काळी पुण्याच्या सीडॅकने जिस्ट कार्डाच्या द्वारे मजकुरी पडद्यावर देवनागरी उमटविण्याची जी यंत्रणा सिद्ध केली होती तिचे ऋण हे क्षेत्र अद्याप पूर्णतः फेडू शकलेले नाही, असे म्हणावेसे वाटते. आजही एमएलटर्मसारखे थोडे टर्मिनल सोडले तर ही समस्या सर्वत्र सुटलेली नाही.

पडद्यामागील व्यवहार त्या मानाने सुस्थितीत आहे. केन थॉम्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर 1992 मध्ये न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात कागदी चटईवर ज्या यूटीएफ-8 संकेतनाची रचना मांडली, तिच्यामुळे देवनागरी नावांच्या फाइली आज निर्वेध ठेवता येतात. मात्र प्रत्येक देवनागरी वर्णचिन्हास तीन बाइट लागत असल्याने लिनक्सवरील फाइलनावाची 255 बाइटांची मर्यादा आपल्यापुरती 85 चिन्हांची होते. ‘मराठी’ हा शब्द मोजावयास दिला तर बाइट मोजणारा विकल्प 15 सांगतो, चिन्हे मोजणारा 5 सांगतो, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांस मात्र तीनच अक्षरे दिसतात. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत, आणि हा भेद समजावून देण्यास शेलइतके प्रत्यक्ष साधन दुसरे नाही. वर्णक्रमाचीही तीच गत. भाषेची नियमावली न लावता ‘सॉर्ट’ चालविले तर ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे बसतो, कारण युनिकोडच्या कोष्टकात त्याची जागा तेथे आहे; मराठी कोशात मात्र तो ‘ह’च्या पुढे असतो, आणि ‘क्ष’ व ‘ज्ञ’ त्याच्याही मागून येतात. आणि मॅकिलरॉय यांची ती विख्यात सहा आज्ञांची माळ जशीच्या तशी मराठी मजकुरावर चालविली, तर तिची पहिलीच आज्ञा रोमन ए ते झेड यांवाचून इतर सर्व चिन्हे शब्दांबाहेरची मानून टाकून देते, आणि शेवटी हाती एकही शब्द उरत नाही. ग्नूचे ‘टीआर’ आजही बाइटाच्या हिशेबाने चालते, म्हणून केवळ अक्षरांची कक्षा बदलूनही हे काम भागत नाही. ‘ग्रेप’ किंवा ‘ऑक’ यांचा आश्रय घ्यावा लागतो.

या स्थितीत नव्या लॅपटॉपचे खाते उघडताना नाव कोणत्या लिपीत द्यावे, हा प्रश्न वाटतो तेवढा क्षुल्लक नाही, कारण त्या वेळी दिलेले नाव पुष्कळदा मुख्य फोल्डरचे नाव होऊन बसते, पुढील प्रत्येक पत्त्यात येते, आणि देवनागरी अक्षरे किंवा मधली मोकळी जागा पाहून काही जुनी साधने अडून बसतात. यास्तव एक मत असे की खाते, फोल्डर आणि फाइली यांची नावे सरसकट रोमन व मोकळ्या जागेविना ठेवावीत, आणि विद्यार्थ्याच्या मार्गात पहिल्याच महिन्यात ही विघ्ने आणू नयेत. विरुद्ध मत असे की, आपण देवनागरी टाळीत गेलो तर साधनांतील दोष कोणाच्या नजरेसच येणार नाहीत. ते दुरुस्त होतात ते वापरणाऱ्यांनी नोंदविलेल्या तक्रारींमुळेच. माझ्या मते तूर्त खात्याचे नाव रोमन असावे, कारण ते नंतर बदलणे कष्टाचे असते, आणि मराठी लेखनाच्या फाइलींना मात्र निःसंकोच मराठी नावे द्यावीत, कारण त्यांत बिघडलेले सुधारता येते. रोमन आज्ञा आणि देवनागरी नाव यांसाठी एकाच ओळीत दोनदा कळफलक बदलावा लागतो, ही गैरसोय मात्र या तोडग्याने दूर होत नाही. अर्धे नाव टंकून टॅब दाबण्याची युक्तीही तेथे पहिल्या अक्षरापूर्वीच अडते, आणि या अडचणीवर सर्वमान्य असा उपाय अद्याप कोणत्याही शेलमध्ये रूढ झालेला नाही.